‘दाऊ’ म्हणजे तू : एका जुन्या इंग्रजी सर्वनामाचा अर्थ आणि वापर

इंग्रजीच्या वर्गात जुनी कविता किंवा शेक्सपिअरचे नाटक शिकवायला घेतले की पहिल्या दहा ओळींतच ‘दाऊ’ हा शब्द समोर येतो. त्याच्यामागोमाग ‘दी’, ‘दाय’, ‘दाइन’ ही त्याची भावंडे येतात. बहुतेक विद्यार्थ्यांनी हा शब्द आधी कुठेतरी ऐकलेला असतो. कुणी चर्चमधल्या प्रार्थनेत, कुणी एखाद्या स्तोत्राच्या भाषांतरात, कुणी ऐतिहासिक चित्रपटात राजाच्या दरबारात. त्यामुळे तो भारदस्त, आदराचा, जवळजवळ राजवस्त्र नेसलेला शब्द आहे अशी त्यांची समजूत झालेली असते. मराठीत अर्थ सांगा म्हटले की उत्तर येते : ‘आपण’.

याच्याच जोडीला दुसरी एक समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. इंग्रजीत लहान-मोठा भेद नाही, तिथे बापालाही ‘तू’ आणि नोकरालाही ‘तू’, असे आपण सहज म्हणतो. कुणी ते कौतुकाने म्हणतो, कुणी नाक मुरडून.

या दोन्ही समजुती नेमक्या उलट्या आहेत. ‘दाऊ’ म्हणजे ‘तू’. आणि ज्याला आपण आज ‘तू’ समजतो तो ‘यू’ म्हणजे मूळचा ‘तुम्ही’. इंग्रजीने ‘तुम्ही’ टाकून सर्वांना ‘तू’ केले नाही. तिने ‘तू’ टाकला आणि राजापासून भिकाऱ्यापर्यंत, देवापासून कुत्र्यापर्यंत सर्वांना ‘तुम्ही’ म्हणायला सुरुवात केली. एवढी एक गोष्ट नीट कळली तर जुन्या इंग्रजी वाङ्मयाचे अनेक बंद दरवाजे उघडतात. आणि मराठी भाषकाला ती कळणे आजच्या इंग्रज विद्यार्थ्यापेक्षा सोपे आहे, कारण ज्या भेदावर हे सारे उभे आहे तो आपल्या तोंडात अजून जिवंत आहे.

रूपे

आधी व्याकरण उरकून घेऊ. कर्त्याच्या जागी ‘दाऊ’ (तू), कर्माच्या जागी ‘दी’ (तुला), षष्ठीसाठी ‘दाय’ किंवा ‘दाइन’ (तुझा, तुझी, तुझे). ‘दाय’ व्यंजनापूर्वी आणि ‘दाइन’ स्वरापूर्वी, असा सर्वसाधारण नेम. आज ‘अ’ आणि ‘अॅन’ यांच्यात आपण जो फरक करतो तसाच. ‘तुझे आहे’ अशा स्वतंत्र अर्थानेही ‘दाइन’च येतो.

अनेकवचनात कर्त्याला ‘यी’ (तुम्ही), कर्माला ‘यू’ (तुम्हाला) आणि षष्ठीला ‘युअर’ (तुमचा). म्हणजे आजचा सर्वव्यापी ‘यू’ हा मुळात कर्त्याचा शब्दच नव्हता. तो ‘तुम्हाला’ होता. पुढे त्याने ‘यी’ची जागा बळकावली. जुन्या दुकानांच्या पाट्यांवर ‘यी ओल्ड’ असे जे दिसते त्याचा या ‘यी’शी काहीही संबंध नाही. तिथे ‘द’ या उपपदातल्या ‘थॉर्न’ नावाच्या जुन्या अक्षराऐवजी त्याच्यासारखे दिसणारे ‘वाय’ वापरले जाई, वाचायचे ‘द’च.

‘दाऊ’बरोबर क्रियापदही बदलते : ‘आर्ट’ (आहेस), ‘हॅस्ट’, ‘डस्ट’, ‘विल्ट’, ‘शॅल्ट’, ‘कॅन्स्ट’. इतर क्रियापदांना शेवटी ‘-एस्ट’ लागतो. ‘हॅथ’, ‘डथ’ ही रूपे मात्र तृतीय पुरुषाची, म्हणजे ‘तो’, ‘ती’ यांची. जुनी इंग्रजी लिहिण्याची हौस असणारे नवखे लेखक ‘दाऊ’ला ‘हॅथ’ आणि ‘ही’ला ‘हॅस्ट’ जोडतात. मराठीत ‘तू करतो’ आणि ‘तो करतोस’ म्हणावे तसे ते आहे.

एकाच घरातले

‘दाऊ’ आणि ‘तू’ यांचे साम्य अर्थापुरतेच नाही. संस्कृत ‘त्वम्’, लॅटिन ‘तू’, जर्मन ‘डू’, मराठी ‘तू’ आणि इंग्रजी ‘दाऊ’ ही एकाच मूळ शब्दाची लेकरे. संस्कृतात किंवा लॅटिनमध्ये जिथे ‘त’ आहे तिथे इंग्रजीत ‘थ’सारखा ध्वनी यावा हा ठरलेला नियम : ‘त्रि’ आणि ‘थ्री’, ‘तनु’ आणि ‘थिन’, ‘तृषा’ आणि ‘थर्स्ट’. ‘दाऊ’चा आरंभीचा ध्वनीही असाच ‘थ’च्या जातीचा होता, वाक्यात वारंवार येणाऱ्या, आघात नसलेल्या शब्दांत तो पुढे मृदू झाला.

‘यू’चेही तसेच. संस्कृतातले द्वितीय पुरुषाचे अनेकवचन ‘यूयम्’ विद्यार्थ्यांनी शब्दरूपावलीत पाठ केलेले असते. इंग्रजी ‘यी’ आणि ‘यू’ त्याचेच नातलग. म्हणजे जी जोडी आपण ‘त्वम् – यूयम्’ म्हणून घोकतो तीच जोडी इंग्रजीत ‘दाऊ – यू’ म्हणून नांदत होती. ज्याला ‘यूयम्’ पाठ आहे त्याला ‘यू’ हे एकवचन वाटूच नये.

क्रियापदाच्या शेवटचा ‘स’देखील पाहण्यासारखा आहे. संस्कृतात ‘गच्छसि’, ‘वदसि’. जुन्या मराठीत ‘करिसी’, ‘जासी’. आजच्या मराठीत ‘आहेस’, ‘करतोस’. आणि इंग्रजीत ‘दाऊ’सोबतचा ‘-एस्ट’. समोरच्या एकट्या माणसाला खुणावणारा हा ‘स’ हजारो वर्षे दोन्हीकडे टिकून राहिला.

एकेरी आणि अहो-जाहो

जुन्या इंग्रजीत, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी, ‘दाऊ’ एकाला आणि ‘यी’ अनेकांना, एवढाच हिशेब होता. राजालाही ‘दाऊ’च. त्यात अवमान नव्हता आणि आदरही नव्हता. निव्वळ संख्या होती.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबाराची भाषा फ्रेंच झाली. फ्रेंचमध्ये एका माणसाला आदराने अनेकवचन वापरण्याची रीत होती. तेराव्या शतकापासून ती इंग्रजीत झिरपू लागली. चौदाव्या शतकात चॉसर दोन्ही सर्वनामे पात्रांचा दर्जा आणि नाते बघून वापरतो. शेक्सपिअरच्या काळापर्यंत, म्हणजे १६०० च्या आसपास, सभ्य माणसांनी एकमेकांशी बोलताना ‘यू’ हे नेहमीचे झाले आणि ‘दाऊ’ काही ठराविक जागी उरला. त्या जागा अशा :

१. वरच्याने खालच्याशी बोलताना. मालक नोकराला, बाप मुलाला, राजा प्रजेला.

२. अगदी जवळच्या माणसाशी. प्रियकर-प्रेयसी, जिवाचा मित्र, एकान्तातले पती-पत्नी.

३. रागाने किंवा तुच्छतेने. बरोबरीच्या किंवा वरच्या माणसाला मुद्दाम ‘दाऊ’ म्हणणे हा अपमान.

४. देवाला, मृताला, समोर नसलेल्याला, निर्जीव वस्तूला.

ही यादी मराठी माणसाला पाठ करावी लागत नाही. घरच्या गड्याला तू, बायकोला तू, भांडणात तू आणि देवाला तू, ही आपलीच यादी आहे. आपण देवाला ‘तू’ म्हणतो ते तो लहान आहे म्हणून नव्हे, जवळचा आहे म्हणून. वारकरी विठ्ठलाशी ‘तू’नेच बोलतो आणि वेळ पडली तर ‘तू’नेच भांडतो. ‘आपण’ म्हटले असते तर त्याला भांडता आले नसते.

आपल्याकडे ‘एकेरीवर येणे’ असा फार नेमका वाक्प्रचार आहे. व्याकरणातली संज्ञा त्यात भांडणाचे नाव झाली आहे. इंग्रजीतही असेच घडले होते. ‘दाऊ’ हे सर्वनाम तर होतेच, पण ‘अरे-तुरे करणे’ या अर्थाने त्याचे क्रियापदही होत असे. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये सर टोबी हा खट्याळ म्हातारा भित्र्या सर अँड्र्यूला द्वंद्वाचे आव्हानपत्र लिहायला बसवतो, तेव्हा तो सल्ला देतो की प्रतिस्पर्ध्याला तीनेक वेळा ‘दाऊ’ केलेस तर वावगे होणार नाही. आधुनिक इंग्रजी वाचकाला इथे तळटीप लागते. मराठीत ‘दोनतीनदा एकेरीवर ये’ म्हटले की झाले.

रंगभूमीबाहेरचे उदाहरणही आहे. १६०३ साली सर वॉल्टर रॅली याच्यावर विंचेस्टर येथे राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी बाजू मांडणारा सर एडवर्ड कोक हा निष्णात कायदेपंडित. भर न्यायालयात संतापून तो रॅलीला ‘दाऊ’ म्हणाला आणि मी तुला ‘दाऊ’च करणार, असे त्या क्रियापदासकट बजावून त्याने त्याला देशद्रोही ठरवले. आरोप राजद्रोहाचा, शिक्षा मृत्यूची. तरीही एका सरदाराला एकेरी करणे हा त्यावरचा वेगळा आघात होता. तो ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळला.

शेक्सपिअर वाचताना

‘दाऊ’ कुठे येतो हे मोजण्यापेक्षा सर्वनाम कुठे बदलते हे पाहणे महत्त्वाचे. एकाच माणसाशी बोलताना पात्र ‘यू’वरून ‘दाऊ’वर किंवा उलट गेले की तिथे काहीतरी घडले आहे असे समजावे. तीन प्रसंग पाहू.

‘हॅम्लेट’च्या तिसऱ्या अंकात राणी गर्ट्रूड मुलाला आपल्या महालात बोलावते. पहिल्याच वाक्यात ती त्याला ‘दाऊ’ म्हणते. आई मुलाला म्हणते तसे. बापाला दुखवलेस, असा तिचा ठपका. हॅम्लेट जवळजवळ तेच वाक्य तिला परत करतो, पण सर्वनाम बदलून : ‘यू’. शब्द तेच, अंतर मात्र कोसाचे. आई पुढचे वाक्य बोलते तेव्हा तीही ‘यू’वर गेलेली असते. चार ओळींत आई-मुलाचे नाते थिजते. याच प्रसंगात पडद्याआडच्या पोलोनिअसला तो मारतो आणि त्याच्या प्रेताला ‘दाऊ’ म्हणून निरोप देतो. प्रधानाचा दर्जा मेल्यावर संपला.

हे मराठीत कसे आणावे? आगरकरांनी ‘विकारविलसित’ या नावाने ‘हॅम्लेट’ मराठीत आणले ते १८८३ साली. तेव्हापासून हा प्रश्न प्रत्येक भाषांतरकारापुढे आहे. मराठी मुलगा आईला ‘तू’च म्हणतो. त्याने एकाएकी ‘तुम्ही’ म्हटले तर तो आदर वाटत नाही, तुटलेपण वाटते. आणि इथे नेमके तेच हवे आहे. आईच्या तोंडचा ‘यू’ही मराठीत सहज येतो. रागावलेली मराठी आई मुलाला ‘वा! आता आपण आम्हाला शिकवणार!’ असे म्हणतेच. बोचरा ‘आपण’ ही आपल्या भाषेची खास सोय आहे. ती वापरली तर हा प्रसंग मराठीत इंग्रजीपेक्षाही टोकदार होऊ शकतो. उलट दोघांनाही सरसकट ‘तू’ दिले, तर मूळ नाटकातली एक अख्खी कृती गळून पडते.

दुसरा प्रसंग ‘किंग लिअर’चा, पहिलाच प्रवेश. राज्य वाटताना लिअर थोरल्या दोन्ही मुलींना त्यांचा वाटा देतो तो ‘दी’ म्हणून, बाप लेकीला देतो तसा. लाडक्या कॉर्डिलियाकडे वळताना मात्र तो ‘यू’ म्हणतो; भर दरबारात तिचा मान राखावा असा तो सूर. ती काही बोलत नाही. तो तिला सावरण्याची संधी देतो, तेही ‘युअर’नेच. मग अविश्वासाने तो विचारतो की हे तुझ्या मनातले आहे का, आणि इथे ‘दाय’ येतो. त्यानंतर तो तिला तोडून टाकतो, तेव्हा एकेरीचा रोख पूर्ण बदललेला असतो. एकच सर्वनाम दोघींना माया म्हणून मिळाले आणि तिसरीला शाप म्हणून.

पाठोपाठ सरदार केंट मध्ये पडतो. सुरुवातीला तो राजाला साजेशा बिरुदांनी बोलतो. राजा ऐकत नाही हे दिसताच तो त्याला म्हातारा म्हणतो आणि ‘दाऊ’ करतो. नोकराने राजाला भर सभेत अरे-तुरे केले, असे ते आहे. तो उद्धटपणा निष्ठेतून आला आहे, हीच त्या प्रसंगाची गंमत आणि वेदना. विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ मूळ नाटकाशेजारी ठेवून या प्रवेशातली सर्वनामे ओळीओळीने ताडून पाहणे, हा पदव्युत्तर वर्गासाठी एका तासाचा उत्तम अभ्यास आहे.

तिसरा प्रसंग ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधला. मेजवानीतल्या पहिल्या भेटीत ज्युलिएट रोमिओला ‘यू’ म्हणते. परका तरुण आहे. त्याच रात्री सज्जात, तो खाली उभा आहे हे ठाऊक नसताना, ती त्याच्याशी मनातल्या मनात बोलते आणि ‘दाऊ’ म्हणते. प्रेमाची कबुली तिने शब्दांत देण्याआधी सर्वनामाने दिलेली असते. (त्याच वाक्यातला ‘व्हेअरफोर’ म्हणजे ‘कुठे’ नव्हे, ‘का’. तू कुठे आहेस असे ती विचारत नाही; तू रोमिओच का, वैऱ्याच्या घरातलाच का, असे विचारते.) पुढे बाप तिला ठरलेल्या लग्नाला उभी राहायला सांगतो तेव्हा तो ‘युअर’ म्हणून सुरू करतो आणि नाहीतर फरफटत नेईन अशी धमकी देताना त्याच वाक्यात ‘दी’वर येतो. ती गुडघे टेकून विनवते ती ‘यू’ म्हणून. एकाच मुलीला एकाच नाटकात ‘दाऊ’ प्रेम म्हणूनही भेटतो आणि दहशत म्हणूनही.

म्हणून ‘दाऊ’चा अर्थ विचारला तर ‘तू’ एवढे उत्तर पुरत नाही. कोण, कुणाला, कुणासमोर आणि आधी काय म्हणत होता, हे चार प्रश्न त्याच्याबरोबर विचारावे लागतात.

सर्वांना दाऊ : क्वेकरांचा हट्ट

सतराव्या शतकाच्या मध्यावर जॉर्ज फॉक्स याने सुरू केलेल्या क्वेकर पंथाने या सर्वनामावरून इंग्लंडमध्ये वादळ उठवले. देवापुढे सारी माणसे सारखी, मग एकट्या माणसाला ‘तुम्ही’ म्हणून खोटे मोठेपण का द्यायचे, असा त्यांचा सवाल. न्यायाधीश असो की जमीनदार, ते त्याच्यापुढे टोपी काढत नसत आणि त्याला ‘दाऊ’ म्हणत. १६६० साली फॉक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक जाडजूड पुस्तकच काढले. अनेक भाषांतली उदाहरणे देऊन एकाला एकवचन आणि अनेकांना अनेकवचन हेच कसे खरे, हे त्यात मांडले आहे.

लोक चिडले. अंध मिल्टनला पुस्तके वाचून दाखवणारा तरुण थॉमस एलवुड क्वेकर झाला आणि घरी वडिलांना ‘दाऊ’ म्हणाला. पुन्हा हा शब्द उच्चारलास तर दात घशात घालीन, असे वडिलांनी बजावल्याचे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. एका सर्वनामासाठी बापलेकात मारामारीची वेळ यावी याचे आजच्या इंग्रजाला हसू येते. आपल्याला येऊ नये. आपल्याकडे साठीच्या गड्याला मालकाचा सात वर्षांचा मुलगा ‘अरे’ म्हणे आणि गडी त्या मुलाला ‘धाकले मालक’ म्हणे. कुणाला जन्मभर एकेरी ऐकावी लागेल हे जात ठरवत असे. ते सर्वनाम किती लागते, हे ऐकणाऱ्यालाच ठाऊक.

समतेचा क्वेकरांचा हेतू पुढे एका अर्थी सफल झाला, पण त्यांच्या वाटेने नव्हे. सर्वांना ‘दाऊ’ म्हणण्याऐवजी समाज सर्वांना ‘यू’ म्हणू लागला. शहरे वाढली, अनोळखी माणसाशी व्यवहार वाढला, समोरचा कोणत्या दर्जाचा हे कपड्यांवरून सांगता येईना. अशा वेळी ‘यू’ बिनधोक. १७०० च्या सुमारास शिष्ट बोलीतून ‘दाऊ’ जवळजवळ गेला. उत्तरेकडच्या बोलींत मात्र तो राहिला. यॉर्कशरमध्ये त्याचे ‘दा’ झाले आणि वडीलधाऱ्यांना ‘दा’ म्हणू नये म्हणून पोरांना दटावले जाई. १९२८ च्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीत लॉरेन्सने गेमकीपर मेलर्सच्या तोंडी ही बोली घातली आहे. शिष्ट इंग्रजी येत असूनही उमरावाच्या पत्नीशी तो मुद्दाम ‘दा’ वापरतो; वर्गाची आठवण करून देण्यासाठी आणि जवळीक दाखवण्यासाठीही.

भारदस्तपणा कुठून आला?

मग हा बोलीतला, घरगुती शब्द आपल्याला राजवस्त्रातला का वाटतो? कारण तो बोलण्यातून गेला आणि प्रार्थनेत उरला.

विल्यम टिंडेल याने १५२६ मध्ये छापलेला ‘नवा करार’ आणि पुढे १६११ चे किंग जेम्स बायबल यांनी ‘दाऊ’ आणि ‘यी’ हा भेद निव्वळ वचनाचा म्हणून पाळला, कारण मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांत तो तसा आहे. त्यामुळे त्या बायबलात देव माणसाला ‘दाऊ’, माणूस देवाला ‘दाऊ’ आणि सैतानालाही ‘दाऊ’. हा भेद अर्थालाही उपकारक ठरतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात येशू पेत्राला सांगतो की सैतानाने ‘तुम्हाला’ मागितले आहे, पण मी ‘तुझ्यासाठी’ प्रार्थना केली आहे. संकट सगळ्या शिष्यांवर, प्रार्थना एकट्यासाठी. आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे ‘यू’ आल्यावर हे दिसेनासे होते. मराठीत ते आपोआप दिसते.

लोक बाजारात ‘यू’ बोलू लागले आणि चर्चमध्ये ‘दाऊ’ ऐकत राहिले. पिढ्यान्पिढ्या असे झाल्यावर जवळिकीचा शब्द देवघरातला शब्द ठरला. १९५२ मध्ये पूर्ण झालेल्या सुधारित अमेरिकन भाषांतराने तर माणसांसाठी ‘यू’ आणि फक्त देवाला ‘दाऊ’ अशी वाटणीच करून टाकली. शेली पश्चिम वाऱ्याला आणि कीट्स ग्रीक कलशाला ‘दाऊ’ म्हणतो तेव्हा हे देवघरातले वलय आणि जुनी सलगी दोन्ही त्यात असतात. रवींद्रनाथांनी १९१२ च्या इंग्रजी ‘गीतांजली’साठी हीच भाषा निवडली. मूळ बंगालीतला ‘तुमि’ रोजच्या बोलण्यातला. इंग्रजीत तो चर्चमधला होऊन गेला. निकल मॅक्निकल यांनी १९१९ मध्ये आपल्या संतांचे अभंग इंग्रजीत नेले, तेही याच ‘दाऊ’त. व्याकरणाने ते अचूक. ‘तू’ला ‘दाऊ’ हाच खरा प्रतिशब्द. पण इंग्रजी कानाला विठ्ठलाशी केलेली लगट ऐकू येत नाही, घंटा ऐकू येते. दिलीप चित्रे यांनी तुकोबांना आजच्या इंग्रजीत नेले तेव्हा वाट्याला आला ‘यू’. त्यात घंटा नाही, पण ‘तू’ही नाही. जी भाषा आपला ‘तू’ हरवून बसली तिच्यात अभंग नेणे म्हणजे दोन तोट्यांतून एक निवडणे.

या संदर्भात गोव्यातल्या एका इंग्रजाची आठवण ठेवायला हवी. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि उरलेले आयुष्य इथेच राहिले. त्यांचे मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. शेक्सपिअर वारला तेच वर्ष. म्हणजे शेक्सपिअरच्या पिढीतला, ‘दाऊ’ आणि ‘यू’ यांचा जिवंत भेद मायबोलीत घेऊन आलेला हा माणूस. पुराणाच्या आरंभी परमेश्वराला नमन करताना त्यांनी मराठीतला ‘तूं’च घातला आहे. त्यासाठी त्यांना काही शिकावे लागले नसणार. त्यांच्या कानाला ‘तूं’ आणि ‘दाऊ’ एकाच अंतरावरून ऐकू येत होते.

शिकवताना आणि भाषांतर करताना

यातून हाती घेण्यासारखे काही.

शाळेत ‘यू’ शिकवताना मुले विचारतात की समोर एकच माणूस असताना ‘आर’ का? ‘तसा नियम आहे’ हे उत्तर देऊ नये. आपण गुरुजींना एकटे असतानाही ‘तुम्ही आहात’ म्हणतो ना, तसेच ते, एवढे सांगितले की पाचवीतल्या मुलालाही कळते.

जुने नाटक शिकवताना विद्यार्थ्यांना दोन रंगांच्या पेन्सिली द्याव्यात. एका रंगाने ‘दाऊ’ची सर्व रूपे, दुसऱ्याने ‘यू’ची. रंग जिथे बदलतो तिथे थांबून कारण विचारावे. प्रत्येक बदलाला कारण सापडेलच असे नाही; शेक्सपिअर काही ठिकाणी सहजही बदलतो. पण नाट्य बहुधा तिथेच असते.

भाषांतरकाराने ‘दाऊ’ म्हणजे ‘तू’ आणि ‘यू’ म्हणजे ‘तुम्ही’ असा साचा वापरू नये. मराठीत आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ ही अनेक घरांतली रीत. इंग्रजी नाटकात आईलाही ‘यू’. गोव्यातल्या अनेक कोकणीभाषक घरांत थोरामोठ्यांनाही ‘तूं’ चालतो. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठीच्या शेजारी हिंदीचा ‘आप’ आहे, वडोद्याच्या शेजारी गुजरातीचा ‘तमे’, बेळगावच्या शेजारी कानडीचा ‘नीवु’. या प्रत्येक ठिकाणचा विद्यार्थी एकच ‘यू’ वेगळ्या कानाने ऐकतो. तो फरक चूक म्हणून खोडू नये, वर्गात बोलायला घ्यावा. मूळ पात्रांमध्ये किती अंतर आहे ते आधी ठरवावे आणि मग आपल्या वाचकाच्या मराठीत ते अंतर कोणत्या सर्वनामाने भरते ते पाहावे. मधेच सर्वनाम बदलले असेल तर तो बदल मात्र कुठल्याही किमतीत सोडू नये.

आणि शेवटी आपल्या ‘तू’विषयी. गेल्या दोन पिढ्यांत मराठी बायको नवऱ्याला ‘अहो’ऐवजी ‘अरे’ म्हणू लागली. ‘तू’चे क्षेत्र तिथे वाढले आणि बरोबरी आली. दुसरीकडे गड्याला, कामवालीला, रिक्षावाल्याला ‘अहो’ म्हणण्याची रीत रुजते आहे. तिथे ‘तू’ मागे हटला आणि तिथेही बरोबरीच आली. दोन्ही बदल चांगले आहेत आणि दोन्ही उलट दिशेचे आहेत. इंग्रजीला अपमानाचा ‘तू’ टाकताना प्रेमाचा ‘तू’ही टाकावा लागला. एकाला ठेवून दुसऱ्याला निरोप देण्याची संधी मराठीला अजून आहे. ती घ्यायची तर कुणाला ‘तू’ म्हणतो आणि का, हे लिहिणाऱ्याने, शिकवणाऱ्याने आणि बोलणाऱ्याने दरवेळी जाणून म्हणायला हवे.